ती लागली की जाते

झाडाकडे ती सरळ जायचीच नाही. आधी त्याच्याभोवती एक चक्कर, मग पदर कमरेला खोचणं, मग खाली वाकणं, आणि मग उजव्या अंगठ्याच्या नखानं रोपाच्या खोडावर एक बारीकशी रेघ. साल निघून आत हिरवं दिसलं की मान डोलवून म्हणायची, "जिती हाय." आत तपकिरी दिसलं तर म्हणायची, "झोपलीय. उद्या बगू." कुठल्याही रोपाला ती 'मेलं' म्हणाल्याचं मी ऐकलेलं नाही.

तुमच्याही गल्लीत असं एखादं माणूस असेल. कुणी नेमलेलं नसतं, कुणी विचारलेलं नसतं, आणि तरी गल्ली त्याच्या शब्दाबाहेर जात नाही. आमच्या गल्लीत ती होती. तिचं नाव मतदारयादीत असेल, आमच्या तोंडात कधीच नव्हतं. आम्ही तिला अक्का म्हणत असू. तेलुगूत मोठ्या बहिणीला अक्का म्हणतात. आमच्याकडे तिच्याहून मोठी, दात पडलेली माणसंसुद्धा तिला अक्काच म्हणायची आणि तीही ते मानानं घ्यायची.

आमची गल्ली अक्कलकोट रोडवरून आत वळते. सकाळी आणि संध्याकाळी एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यांत जाणाऱ्या-येणाऱ्या सायकलींची रांग असते. दुपारी कुत्रंही दिसत नाही. अक्काचं घर गल्लीच्या तोंडाशी, भाड्याच्या दोन खोल्या. नवरा कारखान्यात मागावर कामाला होता, तो वारल्यावर ती घरी टॉवेलच्या कडा शिवून द्यायची. दारातून गठ्ठे आत जायचे, गठ्ठे बाहेर यायचे, आणि मधल्या वेळात अक्का गल्लीभर.

रस्ता सिमेंटचा झाला तेव्हा कडेची होती नव्हती ती झाडं गेली. मी तेव्हा तरुण होते. म्हणजे पन्नाशी उलटली होती, पण आताच्या मानानं तरुणच. मराठी शाळेत शिकवत होते. "रस्ता कसा फळ्यासारखा स्वच्छ दिसतो," असं मी चारचौघींत म्हणाले होते, आणि कुणी वही काढून ते वाक्य उतरवून घेत नाही याचं मला वाईटही वाटलं होतं. पुढच्या चैत्रात त्या फळ्यावर माझी चप्पल चिकटली.

त्याच उन्हाळ्यात अक्का माझ्या दारात आली. "बाई, एक झाड द्या की."

मी घाईघाईनं म्हटलं, "नको हो अक्का. दारात पानं पडतात, पाखरं घाण करतात. मी आताच फरशी बसवलीय."

"तुमच्या दारात कोण लावतंय? तुमची दुसऱ्याच्या दारात जाणार. दुसऱ्याची तुमच्या दारात येणार."

हा तिचा नियम. प्रत्येक घरानं एक झाड द्यायचं, पण ते लावायचं दुसऱ्या घरासमोर. पाणी देणाऱ्यानं घालायचं नाही, ज्याच्या दारात उभं आहे त्यानं घालायचं. "आपली झाड आपल्याच दारात लावली तर ती देणं न्हाय, ती हाव," म्हणायची. देणाऱ्यानं सणावाराला येऊन बघून जायचं, बस.

'आपली झाड' हे मी चुकून लिहिलेलं नाही. अक्काच्या मराठीत लिंग एकच होतं. तिच्या घरात तेलुगू, कानावर मराठी आणि दख्खनी, आणि या सगळ्यातून तिनं एक सोय काढली होती: माणूस-पुरुष सोडला तर जगातलं सगळं 'ती'. पाणी आली, ऊन वाढली, दूध नासली, लिंब फुटली. मला ते सोसवायचं नाही. भररस्त्यात तिला थांबवून मी म्हणे, "अक्का, तो लिंब. ते झाड. ती चिंच."

"चिंच ती हाय न्हवं?"

"हो, चिंच ती."

"मग बाकीच्यांनी काय पाप केली?"

यावर व्याकरणात उत्तर नाही. मी घरी येऊन शोधलं.

आणि झालं असं की वर्षाच्या आत सगळी गल्ली 'ती' म्हणू लागली. झाड द्यायचं, दुसऱ्याच्या दारात पाठवायचं, वर त्याला ती म्हणायचं. मग बोलणं कुठं जाणार ते ठरलेलंच. "तुमची कुठं दिली?" "शेवटच्या घरी दिली. बरी आहे, जरा वाळलीय." "आमची कुठं दिली ते घर चांगलं आहे, दोन वेळा पाणी घालतात." एकदा जेऊरहून माझी बहीण आली होती. ओट्यावर शेंगा निवडताना मी शेजारणीला सांगत होते, "आमची दिलीय त्या कोपऱ्यावरच्यांकडे. पण पाण्याचे फार हाल आहेत हो तिचे. काल तर मान टाकली होती." बहिणीच्या हातातली शेंग तशीच राहिली. शेजारीण गेल्यावर तिनं हळूच विचारलं, "कुणाची गं? तुला तर दोन्ही मुलगेच की."

माझ्या दारात जे झाड यायचं होतं त्याबद्दल मी अक्काच्या कानावर एक इच्छा घालून ठेवली होती. मला बकुळ हवी होती. पहाटे फुलं वेचायची, गजरा करायचा, शाळेत जाताना अंबाड्यावर माळायचा, असं चित्र मी रंगवलं होतं. अंबाडा तेव्हाच लिंबाएवढा उरला होता, पण चित्रात तो भरदार होता. माझ्या दारात झाड देण्याची पाळी आली समोरच्या टेम्पोवाल्या चाचांची. ते टॉवेलचे गठ्ठे वाहायचे. त्यांनी टेम्पोतून उतरवलं ते करंजाचं रोप.

"करंज?" मी म्हटलं. "वास नाही, फळ नाही, काय करायचं त्याचं?"

"छाँव लेव बाई," चाचा म्हणाले. "सूँघने को घर में अगरबत्ती हैइच."

अक्का पदर तोंडाला लावून हसत होती. रोप तिनं स्वतः लावलं. आळं केलं, दगड रचले, मला पहिली बादली घालायला लावली, आणि जाताना माझ्याकडे वळून म्हणाली, "आता तुमची झाली. सांबाळा."

तिच्या मुलाला मी चौथीत शिकवलं होतं. तो आता भिवंडीला एका कारखान्याच्या ऑफिसात होता. बायको, लहान मुलगी, तिसऱ्या मजल्यावरची जागा. बाप गेल्यापासून आईला घेऊन जायचं त्याच्या मनात होतं, आणि अक्का प्रत्येक वेळी नवं कारण काढायची. आधी कारखान्याच्या कामाचं निमित्त, मग गुडघ्याचं, मग झाडांचं. फोनला रेंज माझ्या खिडकीखालीच यायची, त्यामुळे अर्धं बोलणं मला आपोआप कळे आणि उरलेलं मी कळवून घेई.

"वद्दु रा," ती म्हणायची. म्हणजे नको रे. "झाडं अजून लहान हाय. दोन उन्हाळे काढू दे. सगळी लागली की येते."

मुलगा शहाणा. त्यानं तो शब्द धरून ठेवला. दोन उन्हाळे गेले. गल्लीतले कडुलिंब, चिंचा, कोपऱ्यावरची माझी जांभूळसुद्धा धरली. उरली फक्त माझ्या दारातली करंज. ती ना धड जगत होती, ना धड मरत होती. हातभर काठी, टोकाला दोन पानं. पंधरवडा गेला तरी दोनच.

एका रविवारी मुलाचा फोन मलाच आला. "बाई, आई म्हणते तुमच्या दारची तेवढी लागली की येते. तुम्ही जरा लक्ष द्या ना बाई. मी तिच्यासाठी खोली रंगवून ठेवलीय."

जुन्या विद्यार्थ्यानं 'बाई' म्हटलं की माझा कणा आपोआप ताठ होतो. मी ते झाड गृहपाठासारखं अंगावर घेतलं. शेणखत घातलं. ताक घातलं. निंबोळीची पेंड आणली. कुणी म्हणालं दृष्ट लागली, म्हणून लिंबू-मिरची बांधली. त्या मिरच्या करंजापेक्षा टवटवीत दिसायच्या. रोज शाळेतून आले की पर्स खांद्यावर तशीच आणि मी झाडासमोर उभी. आमचे हे पेपरमागून म्हणायचे, "तिला जरा सुट्टी दे. परीक्षेच्या भीतीनं पालवी फुटत नसेल."

मला खरंच वाटू लागलं की आपल्या हाताला गुण नाही. अक्कापाशी बोलले तर ती करंजाभोवती चक्कर मारायची, पदर खोचायची, नखानं रेघ ओढायची. "जिती हाय," म्हणायची. मग माझ्या पाठीवर हात ठेवून, "हुईल हो बाई. काही जणींना उशीर लागतो."

चाचा एकदा टेम्पो पुसता पुसता म्हणाले होते, "करंज को बकरी बी नहीं खाती बाई. ऐसेच नहीं मरता करंज. कोई मारा तोच मरता." मी बाई. शहाणी. ते वाक्य माझ्या डोक्यात शिरलं नाही, कारण ते फळ्यावर लिहिलेलं नव्हतं.

मग शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागली. एके दिवशी भर दुपार, गल्ली सगळी निजलेली. मी पाणी प्यायला उठले आणि स्वयंपाकघराच्या जाळीतून सहज बाहेर पाहिलं. करंजापाशी अक्का उकिडवी बसली होती. मला वाटलं पाणी घालतेय. बघते तर तिनं नखानं एक कोंब खुडला, तांबूस, कोवळा, कालच फुटलेला. मग दुसरा. मग तिसऱ्याला हात लावला, थोडी थांबली, आणि तोही खुडला. तिन्ही पदराच्या टोकात बांधले. दोन जुनी पानं तशीच ठेवली. जाताना ओंजळभर पाणी घातलं आणि खोडावरून हात फिरवला, तापलेल्या पोराच्या कपाळावरून फिरवावा तसा.

मी दार उघडून बाहेर आले. ती दचकली नाही. तिथंच बसून राहिली.

"बगितलीस?"

इतक्या वर्षांत ती मला पहिल्यांदा 'तू' म्हणाली. मी तिच्याशेजारी बसले. फरशी तापली होती, पण उठावंसं वाटेना.

"मी हिला ताक पाजतेय, अक्का," मी म्हटलं.

"माहीत हाय. म्हणून तर रोज फुटती, मेली." तिनं आळ्यातला एक दगड सरळ केला. "मारत न्हाय गं मी तिला. मरू बी देत न्हाय, लागू बी देत न्हाय. लागली की जावं लागल."

"मुलगा चांगला आहे तुझा. खोली रंगवलीय त्यानं."

"लई चांगला हाय. वाईट असता तर न्हाय म्हणायला सोपी गेली असती." ती पदराची गाठ चाचपत राहिली. "तितं मी कुणाची अक्का? तितं मी आई, आजी, सासू. सगळी हाय. पण रस्त्यावरनं चालली तर कोण हाक मारल?"

मी उठून आत गेले आणि चहा टाकला. त्या दुपारपासून मला करंजाची काळजी राहिली नाही. मुलाचा फोन आला की मी सांगे, "अजून झोपलंय रे. उद्या बघू." जन्मभर पोरांना खोटं बोलू नका म्हणून शिकवलं आणि निवृत्तीच्या तोंडावर इतक्या सफाईनं बोलू लागले की मलाच माझं कौतुक वाटे. ताक मात्र बंद केलं. कोंब कमी फुटले की अक्काचे कष्ट वाचतील, असा माझा हिशेब.

अक्का मग रोज दुपारी यायची. खुडून झालं की पायरीवर बसायची. आम्ही दोघी बोलायचो. काय बोलायचो विचाराल तर काही सांगता येणार नाही. माझी नात म्हणते, आज्जी, तू दर वेळी वेगळंच सांगतेस. खरंय. ती दुपार इतकी लांब होती की तिच्यात काहीही मावायचं.

पावसाळ्याच्या आधी तिचा मुलगा न कळवता आला. बॅग आईच्या घरात ठेवली आणि सरळ माझ्या दारात. मी चहा घेऊन बाहेर आले तेव्हा तो करंजासमोर वाकला होता. आईसारखंच अंगठ्याचं नख ओढत होता. अक्का बाजूला उभी, तोंड फिरवून. सालीखाली ताजं हिरवं. मग त्याचं बोट वर गेलं, एकेका पेरापाशी थांबत. प्रत्येक पेराला खुडल्याची खूण, जुनी सुकलेली, त्यावर नवी ओली.

मी ट्रे धरून उभी. मला वाटलं आता आईवर चिडेल, मग माझ्यावर. तो तसाच बसला आणि खालीच बघत म्हणाला, "मी बी याच गल्लीतली हाय की, अम्मा. मला कधी बगणार?"

घाईत 'गल्लीतली' म्हणाला. आईचीच भाषा. चौथीत त्याच चुकीसाठी मी त्याची वही लाल केली असणार. त्या दिवशी मी चहा खाली ठेवला आणि आत गेले.

दोन दिवसांनी तो एकटाच परत गेला. अक्कानं त्याला एवढंच सांगितलं होतं, "ती लागली की येते. शब्द दिली." आणि दुसऱ्या दिवसापासून तिनं खुडणं बंद केलं.

ती दुपारी यायची, नेहमीसारखी, पण हात मांडीवर ठेवून बसायची. करंज मात्र बांध फुटावा तशी सुटली. आज इथं कोंब, उद्या तिथं. इतके दिवस दाबून धरलेलं सगळं एकदम बाहेर. पानांना तेल चोपडल्यासारखी चकाकी. पाऊस पडला आणि मग तर विचारू नका.

"किती घाई बघ मेलीला," अक्का म्हणायची. तिच्या आवाजात कौतुक होतं, हेही मला तिथं बसल्या बसल्या कळत होतं.

माझीच बोटं शिवशिवत. खुडलं नाही, एवढं खरं. म्हणजे एकदा खुडलं. एकच कोंब. तो धरू नका.

गणपती झाल्यावर ती गेली. चाचांच्या टेम्पोत शिवणयंत्र, दोन ट्रंका आणि पुढे चाचांच्या शेजारी ती. गल्ली सगळी दारात. कुणी खण दिला, कुणी चटणी दिली. चाचांनी टेम्पो मुद्दाम हळू काढला. अक्का प्रत्येक दारासमोर मान वळवून झाडाकडे बघत होती. माझ्या दाराशी आल्यावर तिनं करंजाकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं. "पाणी घाल," म्हणाली.

फोन यायचे. आधी एकेकीची चौकशी: कोपऱ्यावरची जांभूळ, शेवटची लिंब, शाळेच्या भिंतीजवळची चिंच. तिला मुळं-पानं सगळी पाठ. मग माणसांची. भिवंडीत तिनं बिल्डिंगच्या आवारात काही लावलं का, हे मी विचारलं. "खाली सगळी फरशी हाय," म्हणाली. "पण नात हाय की. तिला तेलुगू शिकवती." मी म्हटलं, मराठी शिकवू नकोस. ती इतकी हसली की पलीकडून मुलगा विचारू लागला, काय झालं. पुढे फोन कमी झाले, मग नुसता तिचा श्वास ऐकू यायचा आणि मीच बोलायचे. मागच्या उन्हाळ्यात मुलाचा फोन आला. "बाई, आई..." म्हणाला. मला पुढचं ऐकायची गरजही नव्हती.

आता गल्ली दुपारी सावलीत असते. सायकलवाले उन्हातून वळले की पाय जमिनीला टेकून क्षणभर थांबतात. दर वर्षी पावसाआधी लाइटवाले येतात, शिडी लावतात आणि तारांना लागलेल्या फांद्या कोयत्यानं उतरवतात. चिंचेची अर्धी बाजू जाते, लिंबांचे शेंडे जातात. माझ्या करंजापाशी येऊन ते थांबतात. ती उंच गेलीच नाही. कोवळेपणी इतक्या वेळा खुडली गेली की वर जायचं सोडून बाजूला पसरली. एका खोडाच्या जागी किती फांद्या, मोजता येत नाहीत. सगळ्या तारांच्या खाली, आडव्या, माझ्या ओट्यावरून पलीकडच्या घरापर्यंत. गल्लीतली सगळ्यात मोठी सावली तिची.

यंदा आलेला वायरमन नवा होता, पोरगेला. तिच्याखाली उभा राहून वर बघत म्हणाला, "मावशी, हिला हात लावायची गरजच न्हाय की. कुणी वळण लावलं हिला असं?"

"अक्कानं," मी म्हटलं.

"कोण अक्का?"

चाचा आता नसतात. शेजारची घरं विकली गेली. गल्लीत दुसऱ्या कुणाकडे बोट दाखवावं म्हणून मी या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं. तोंडाशी सगळं आलं होतं: टॉवेलच्या कडा, भिवंडी, पदराच्या गाठीतले तांबूस कोंब. तो शिडी खांद्यावर घेऊन वाट बघत होता.

"होती एक," मी म्हणाले. "आमची."

त्यानं मान हलवली आणि पुढच्या झाडाकडे गेला. कोयत्याचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन थांबेस्तोवर मी करंजाखाली उभी होते.